दीडशे जीबीचा गेम तेवीस जीबीत मावतो तेव्हा

डिसेंबर २०२५ मध्ये स्वीडनमधल्या ॲरोहेड गेम स्टुडिओज या कंपनीने आपला 'हेलडायव्हर्स २' हा पीसीवरचा गेम सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आणला. चित्रांचा दर्जा उतरवला नाही, आवाज कापले नाहीत, एकही शस्त्र किंवा ग्रह गाळला नाही. काढल्या त्या फक्त एकाच डेटाच्या ठिकठिकाणी ठेवलेल्या नकला. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे या नकला हार्ड डिस्कवरून खेळणाऱ्यांसाठी होत्या, आणि असे खेळाडू होते साधारण ११ टक्के. म्हणजे उरलेल्यांच्या महागड्या एसएसडीवरची सव्वाशे जीबीहून जास्त जागा दुसऱ्याच्या संथ डिस्कची सोय म्हणून अडकून पडली होती. गंमत पुढेच आहे. नकला काढल्या तर हार्ड डिस्कवाल्यांचं लोडिंग कित्येक पटींनी लांबेल अशी कंपनीला धास्ती होती. प्रत्यक्षात ते फार तर काही सेकंदांनी लांबलं, कारण या गेमच्या लोडिंगमधला बराचसा वेळ रणभूमी नव्याने रचण्यात जातो. ते काम प्रोसेसरचं. डिस्कचा त्यात फारसा संबंधच नाही.

गेम बनवणाऱ्यांचाच अंदाज इतका चुकत असेल तर खेळणाऱ्यांना दोष काय द्यायचा? घरच्या पीसीत एक छोटी वेगवान एसएसडी आणि एक मोठी संथ हार्ड डिस्क असते. कोणता गेम कुठे ठेवायचा हे आपण बहुधा गेमच्या आकारावरून ठरवतो, मोठे गेम मोठ्या डिस्कवर. किंवा खोक्यावर छापलेल्या वेगावरून ठरवतो, आवडते गेम सर्वांत वेगवान डिस्कवर. या दोन्ही मापांनी हिशेब चुकतो. गेम डिस्ककडे नेमका कधी येतो आणि आला की कशा प्रकारे वाचतो, यावर त्याची जागा ठरायला हवी. तसं ठरवलं तर छोटी एसएसडी पुरते, संथ डिस्कही भंगारात जात नाही, आणि पैसे कुठे खर्च करू नयेत हेही कळतं.

हार्ड डिस्कचा संथपणा येतो कुठून ते आधी पाहू. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले चार मिलिसेकंद आणि वर थोडे. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, त्याचे आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. या हिशेबाने डिस्क सेकंदाला जेमतेम ८० वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन येऊ शकते. आता १ जीबी डेटा ६४ केबीच्या तुकड्यांत डिस्कभर विखुरला आहे असं धरा. तुकडे होतात १६,३८४. सेकंदाला ८० या दराने ते गोळा करायला तीन मिनिटं पंचवीस सेकंद. तोच १ जीबी सलग मांडलेला असेल तर हेड एकदा जागेवर बसलं की सेकंदाला १५० ते २०० एमबीने वाचत सुटतं आणि पाच-सात सेकंदांत मोकळं होतं. डिस्क तीच, डेटा तेवढाच, फरक तिसाहून अधिक पटींचा. त्यात आणखी एक बारकावा असा की तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळांवर एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो आणि आतल्या वर्तुळांवर कमी. डिस्क साधारण बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे गच्च भरलेल्या हार्ड डिस्कवर शेवटी टाकलेला गेम सर्वांत संथ जागी जाऊन पडतो, आणि उरल्यासुरल्या फटींत तुकड्यातुकड्यांनी पडतो तो वेगळाच.

नकलांचं मूळ इथे आहे. एखाद्या मोठ्या शहरात घडणारा गेम घ्या. रस्त्याच्या कडेची टपालपेटी शंभर चौकांत आहे. ती डिस्कवर एकाच जागी ठेवली तर प्रत्येक चौक उघडताना हेडला तिथवर फेरी मारावी लागेल. म्हणून प्रत्येक चौकाच्या गठ्ठ्यातच टपालपेटीची एक प्रत टाकायची आणि अख्खा गठ्ठा सलग वाचायचा. जागा वाया जाते, पण हेडची पायपीट वाचते. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या भाषणात २०१८ च्या 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'चा दाखला दिला होता. त्या गेममधला काही डेटा हार्ड डिस्कवर तब्बल ४०० वेळा ठेवलेला होता. प्लेस्टेशन ४ मध्ये मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क असायची, तिच्यावर नायकाला इमारतींमधून झोके घेत न्यायचं तर दुसरा इलाज नव्हता. गेमच्या रचनेतही संथ डिस्क अशीच दिसते. २००७ च्या 'मास इफेक्ट'मधल्या त्या कुप्रसिद्ध रेंगाळणाऱ्या लिफ्ट आठवा. किंवा पुढच्या कितीतरी गेममध्ये नायक अरुंद फटीतून अंग चोरत हळूहळू सरकतो तो प्रसंग. तेवढ्या वेळात पलीकडचा भाग डिस्कवरून मेमरीत येत असतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून कुठलाही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर हाती येतो. वरच्या १६,३८४ तुकड्यांना साध्या साटा एसएसडीवर चार-पाच सेकंद पुरतात. तीन मिनिटं पंचवीस सेकंदांवरून चार-पाच सेकंद. पीसीच्या साठवणुकीतली खरी उडी ही, आणि ती स्वस्तातल्या स्वस्त एसएसडीनेही मारता येते. यानंतरच्या उड्या कागदावर मोठ्या आणि पडद्यावर लहान आहेत. साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास. एनव्हीएमई या नव्या पद्धतीची तिसऱ्या पिढीची एसएसडी ३,५०० पर्यंत जाते, चौथ्या पिढीची ७,००० पर्यंत, पाचवीची १४,००० पर्यंत. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन मागवा, खोक्यावर हाच आकडा ठळक छापलेला असतो. पण तो सलग वाचनाचा, तोही एकाच वेळी भरपूर मागण्या डिस्कपुढे टाकल्या तरच मिळणारा. गेम एका वेळी एखादाच छोटा तुकडा मागत असेल तर साटा आणि एनव्हीएमई यांच्यातलं अंतर दुपटीच्या आसपास येऊन थांबतं. एनव्हीएमईची रचना मुळात हजारो मागण्या एकदम पेलण्यासाठी आहे. जुन्या साटा पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग असते, एनव्हीएमईत अशा रांगांची मर्यादा ६५ हजारांवर जाते. बहुतेक गेम त्या रांगा भरतच नाहीत, मग वेग येणार कुठून? म्हणूनच साटावरून पाचव्या पिढीच्या डिस्कवर गेलात तरी बऱ्याच गेमचं लोडिंग एखाद-दोन सेकंदांनीच घटतं.

यावर लगेच आक्षेप येतो की मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज आलं आहे, त्यामुळे हे चित्र बदलेल. आक्षेप रास्त आहे, घाई मात्र नको. डायरेक्टस्टोरेजने गेमला एकदम ढीगभर मागण्या कमी कष्टात टाकता येतात, आणि दाबून ठेवलेला डेटा उलगडण्याचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डवर सोपवता येतं. ते वापरणारा पीसीवरचा पहिला मोठा गेम 'फॉरस्पोकन' जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यानंतर असे गेम येत गेले, पण मोजकेच. जुलै २०२३ मध्ये आलेला 'रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट' हे त्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण. एका विश्वातून दुसऱ्यात डोळ्यांदेखत उडी मारायची ही या गेमची करामत, आणि प्लेस्टेशन ५ वर ती वेगवान एसएसडीची जाहिरातच ठरली होती. पीसीवर आला तेव्हा मात्र त्याच्या किमान गरजांत हार्ड डिस्कही चालत होती. हार्ड डिस्कवर त्या उड्या मध्येच अडखळतात हे खरं. साध्या साटा एसएसडीवर त्या बऱ्यापैकी सुरळीत होतात हेही तितकंच खरं. ज्या गेमसाठी अतिवेगवान डिस्क हवी असं वाटत होतं, त्याचंही काम बव्हंशी मधल्या पायरीवर भागलं. त्यामुळे आज पाचव्या पिढीच्या डिस्कसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा त्याच पैशात चौथ्या पिढीची मोठी डिस्क घेणं शहाणपणाचं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा. लोडिंगची पट्टी रेंगाळते आहे म्हणजे डिस्कच अडली आहे असं नसतं. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन'मध्ये शिरायला वर्षानुवर्षं पाच-सहा मिनिटं लागत, एसएसडीवाल्यांनाही. २०२१ च्या सुरुवातीला एका प्रोग्रॅमरने स्वतःच कोड तपासून कारण शोधलं. गेम सुरू होताना सुमारे १० एमबीची एक यादी वाचत असे, गेममधल्या दुकानात विकत मिळणाऱ्या ६३ हजार वस्तूंची. डिस्कवरून १० एमबी वाचायला हार्ड डिस्कलाही फार काही लागत नाही. पण प्रत्येक नोंद वाचताना गेम उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी पुन्हा मोजायचा, आणि प्रत्येक वस्तू आधी आली आहे का हे पाहायला तोवरची सगळी यादी पुन्हा धुंडाळायचा. तेवढं सुधारल्यावर त्याच्या पीसीवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस देऊन मार्च २०२१ मध्ये ती दुरुस्ती सर्वांसाठी दिली. त्याआधी या गेमसाठी ज्यांनी नवी एनव्हीएमई घेतली असेल त्यांनी त्या सहा मिनिटांतलं फारसं काही वाचवलं नव्हतं.

तेव्हा गेमची जागा ठरवताना पहिली विचारणा अशी की तो डिस्ककडे येतो कधी. काही गेम सुरुवातीला एकदा वाचतात आणि मग सामना किंवा पातळी संपेपर्यंत डिस्ककडे फिरकत नाहीत. तिथे संथ डिस्कची किंमत म्हणजे थोडी प्रतीक्षा, इतकंच. काही गेम मात्र खेळता खेळता सतत वाचत राहतात. तुम्ही गाडी पळवता आणि पुढचा रस्ता, इमारती, झाडं त्याच क्षणी डिस्कवरून यायची असतात. तिथे उशीर झाला तर चित्र अडखळतं, इमारतींचे पृष्ठभाग धुरकट राहतात, कधी जमीनच उशिरा उगवते. पहिल्या प्रकारात वेळ जातो, दुसऱ्यात खेळच बिघडतो. एसएसडीवरची जागा आधी दुसऱ्या प्रकाराला द्यावी, मग गेम आकाराने केवढाही असो.

पण मोकळ्या जगातला प्रत्येक गेम या दुसऱ्या वर्गात टाकायचं कारण नाही. गेम कोणत्या डिस्कसाठी लिहिला गेला हे बघावं, आणि त्याचा सोपा ठोकताळा म्हणजे साल. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स बाजारात येईपर्यंत मोठे गेम मागच्या पिढीच्या कन्सोलमधल्या हार्ड डिस्कवर चालतील अशाच बेताने बांधले जात. २०११ चा 'स्कायरिम' किंवा २०१५ मध्ये आला तसा मूळ 'विचर ३' हार्ड डिस्कवर खेळण्याजोगा राहतो तो यामुळे. त्यानंतर दोन-तीन वर्षं दोन्ही पिढ्यांसाठी एकत्र गेम निघत होते, म्हणून रेषा अगदी काटेकोर नाही. २०२३ पर्यंत मात्र ती स्पष्ट झाली. 'स्टारफील्ड'ने १२५ जीबी मागताना एसएसडी अनिवार्य असल्याचं किमान गरजांतच लिहिलं. 'बॉल्डर्स गेट ३'नेही १५० जीबीच्या एसएसडीची अट घातली. 'सायबरपंक २०७७'ने तर मूळ गेम येऊन तीन वर्षं होण्याच्या आतच हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला. जिथे अशी अट लिहिलेली आहे तिथे प्रयोग करत बसू नये. आणि पाचशे एमबीचा 'स्टारड्यू व्हॅली' संथ डिस्कवर हलवून जागा वाचवण्याचा खटाटोपही व्यर्थ. असे वीस गेम हलवले तरी एका मोठ्या गेमच्या दहाव्या हिश्शाएवढीही जागा सुटत नाही.

या सगळ्यात एक कसोटी हमखास विसरली जाते, ती अपडेटची. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एखाद्या गेमचा ३०० एमबीचा पॅच येतो. डाउनलोड दोन मिनिटांत होतो आणि मग 'पॅचिंग' म्हणून पट्टी अर्धा तास तिथेच. स्टीम गेमच्या फाइलींचे साधारण १ एमबीचे तुकडे पाडतं आणि बदललेले तेवढेच तुकडे उतरवतं. पण जुन्या फाइलीत ते जागच्या जागी ठोकून बसवत नाही, नवे-जुने तुकडे घेऊन अख्खी फाइल नव्याने लिहितं. गेमने सगळा माल ४० जीबीच्या एकाच फाइलीत कोंबला असेल तर ३०० एमबीच्या बदलासाठी ४० जीबी वाचायचे आणि ४० जीबी लिहायचे. सेकंदाला १५० एमबी धरले तरी नऊ मिनिटं झाली. आणि हार्ड डिस्कवर तो वेग मिळत नाहीच, कारण एकच हेड वाचायला इकडे आणि लिहायला तिकडे धावत असतं. शिवाय तेवढी मोकळी जागा हवी ती वेगळी. शिंगल्ड पद्धतीची हार्ड डिस्क असेल, जिच्यात वर्तुळं कौलांसारखी एकमेकांवर चढवलेली असतात, तर लिहिण्याचा वेग आणखी कोसळतो. म्हणून आठवड्याला ज्याचा पॅच येतो असा ऑनलाइन गेम, एरवी हार्ड डिस्कवर सुखाने चालणारा असला तरी, एसएसडीवरच बरा. ज्याचे पॅच कधीच थांबले आहेत असा एकट्याने खेळायचा जुना गेम हार्ड डिस्कवर खुशाल पडून राहू द्यावा.

मग मोठी संथ डिस्क कशासाठी? माझ्या मते तिचं मुख्य काम खेळवण्याचं नाही, साठवण्याचं. सणावाराची भांडी जशी माळ्यावर ठेवतो आणि लागतील तेव्हा खाली काढतो, तसे सध्या न खेळले जाणारे गेम तिथे असावेत. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेज या पानावर दोन्ही डिस्कवर लायब्ररी करून ठेवता येते, आणि गेम निवडून 'मूव्ह' म्हटलं की तो दुसऱ्या डिस्कवर जातो. पुन्हा इन्स्टॉल करावं लागत नाही. १०० जीबीचा गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर यायला सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने अकरा मिनिटं. तोच शंभर एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर नव्याने उतरवायला, वेग पूर्ण मिळाला असं धरूनही, सव्वादोन तास. 'जागा हवी तर काढून टाका, लागेल तेव्हा पुन्हा उतरवा' हा सल्ला ज्यांच्या दारात फायबर आहे त्यांना परवडतो. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्याने १०० जीबी पुन्हा उतरवायचे म्हणजे दोन महिने. फायबरवाल्यालाही मॉड, म्हणजे गेममध्ये हौसेने बसवलेले बदल, गेमबरोबर पुन्हा उतरवून मिळत नाहीत. 'स्कायरिम'सारख्या गेमवर निगुतीने बसवलेले मॉड गेमच्या फोल्डरमध्ये असतील तर हलवताना सोबत जातात, गेम काढून टाकला की मात्र ती जुळवाजुळव मोडते. सेव्ह फाइली मात्र बहुतेक वेळा डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवरच असतात. त्या गेमबरोबर हलत नाहीत आणि हलवायची गरजही नसते. विंडोज नव्याने टाकताना मात्र नेमक्या त्याच हातच्या जातात, तेव्हा आधी बाजूला काढाव्यात. साठवलेल्या गेमना 'सुरू करेन तेव्हाच अपडेट कर' ही सूचना देऊन ठेवावी, नाहीतर माळ्यावर पडलेला गेमही रोज पॅच मागत बसतो. जीओजी या दुकानातून घेतलेल्या गेमचे इन्स्टॉलर तर फाइल म्हणून जपून ठेवता येतात आणि इंटरनेट नसतानाही चालतात. हार्ड डिस्कवर ठेवायला याहून चांगली वस्तू नाही.

असे गेम इकडून तिकडे हलवल्याने एसएसडी झिजेल ही भीती अनेकांना वाटते. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरं, पण हिशेब करून बघा. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीला कंपन्या साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी देतात. तुम्ही रोज, अगदी रोज, १०० जीबीचा गेम तिच्यावर आणलात तरी वर्षाला साडेछत्तीस टीबी होतात आणि हमी संपायला सोळा वर्षं लागतात. तोवर तुमचा पीसीच बदललेला असेल. वाचनाने तर ती झिजतच नाही म्हटलं तरी चालेल. खरी काळजी घ्यायची ती स्वस्त क्यूएलसी डिस्कच्या लिखाणाच्या वेगाची. अशी डिस्क थोडा भाग वेगवान कॅश म्हणून वापरते आणि तो भरला की गळपटते. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ मालिकेतल्या १ टीबीच्या डिस्कचा लिखाणाचा वेग ४२ जीबीची कॅश भरल्यावर सेकंदाला ८० एमबीवर येतो असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे त्या क्षणी ती हार्ड डिस्कहूनही संथ लिहिते. गेम वाचायला मात्र तीच डिस्क उत्तम, कारण वाचनाला हा नियम लागू नाही. क्यूएलसी घ्यावी, फक्त गच्च भरू नये. कोणतीही एसएसडी दहा-पंधरा टक्के मोकळी राहिलेली बरी.

हे सगळं हाताने कशाला करायचं, कॉम्प्युटरनेच का करू नये, असंही विचारलं जातं. प्रयत्न झाले. इंटेलने २०१७ मध्ये ऑप्टेन मेमरी आणली, छोटी वेगवान चीप हार्ड डिस्कच्या पुढे बसायची आणि नेहमी लागणारा डेटा आपल्याकडे ठेवायची. एएमडीने २०१८ मध्ये स्टोअरएमआय काढलं. कल्पना चांगलीच होती, पण कॅश मागच्या वापरावरून शिकते. आज प्रथमच उघडलेल्या गेमसाठी ती काहीच करू शकत नाही, आणि शंभर जीबीचा एक गेम आला की आधीचं सगळं शिकलेलं बाहेर फेकलं जातं. इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेनचा व्यवसायच गुंडाळला. पुढच्या महिन्यात काय खेळायचं हे तुम्हाला ठाऊक असतं, कॅशला नसतं. अकरा मिनिटांच्या एका हलवाहलवीला ती पर्याय ठरली नाही.

राहिला सर्वांत रोखठोक आक्षेप. एकच मोठी एसएसडी घ्या आणि हा सगळा व्याप सोडा. ज्याला परवडतं त्याने जरूर तसं करावं. पण हा सल्ला एसएसडी दरवर्षी स्वस्त होत होत्या त्या काळातला आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की मेमरी आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पीसीत आधीच असलेली दोन टीबीची हार्ड डिस्क काढून टाकण्यात काही अर्थ नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिला जागाच नसते. तिथे यूएसबीवरची पोर्टेबल हार्ड डिस्क साठवणुकीला चालते, फक्त तिला विंडोजमध्ये एक ठरावीक अक्षर नेमून द्यावं, नाहीतर अक्षर बदललं की स्टीमला आपली लायब्ररी सापडत नाही. आणि हार्ड डिस्क फिरणारं यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच. जे पुन्हा उतरवता येत नाही त्याची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नये.

नवी डिस्क मागवण्यापूर्वी एक तपासणी फुकटात करता येते. पीसी रीस्टार्ट करा, कारण विंडोज एकदा वाचलेल्या फाइली मोकळ्या मेमरीत ठेवून देतं आणि दुसऱ्या वेळचं लोडिंग फसवं वेगवान दिसतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर गेम असलेली डिस्क निवडा, गेम सुरू करा आणि लोडिंग चालू असताना तिकडे बघा. ॲक्टिव्ह टाइम शंभर टक्क्यांना चिकटला आहे आणि वाचनाचा वेग पाच-दहा एमबीवर घुटमळतो आहे, असं दिसलं तर डिस्कच अडली आहे. हा गेम एसएसडीवर हलवा, फरक लगेच दिसेल. डिस्क दहा-वीस टक्क्यांवर निवांत आहे आणि लोडिंग तरीही संपत नाही, तर अडचण प्रोसेसरची, गेमच्या कोडची किंवा सर्व्हरची आहे. मग कितीही वेगवान डिस्क आणलीत तरी त्या गेमचं लोडिंग तेवढंच राहणार. पैसे खिशात ठेवा.